तुझं अनिच्च तुझ्यापाशीच ठेव

विपश्यनेच्या ध्यानशिबिराहून परतून चार दिवस झाले होते. ताईचा फोन आला. बोटं सुजलीत, सकाळी दात घासायचा ब्रशसुद्धा धरवत नाही, असं ती सांगत होती. मी ऐकून घेतलं आणि माझ्या नव्याकोऱ्या शांत आवाजात म्हणालो, "ताई, हेही जाणारच आहे. सगळं अनिच्च आहे." अनिच्च म्हणजे पालीत अनित्य, न टिकणारं.

पलीकडून काही वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "तुझं अनिच्च तुझ्यापाशीच ठेव," आणि तिने फोन ठेवला.

मला तिची कीव आली. दुःखाला कवटाळून बसलीय बिचारी, असं मनात म्हणून मी मोठ्या समाधानाने संध्याकाळच्या बैठकीला बसलो. आज हे लिहिताना कान गरम होतात. पण बुद्धांची शिकवण आपल्याला समजली असं मला सगळ्यात ठामपणे ज्या दिवशी वाटलं होतं तो हाच दिवस, म्हणून तो आधी सांगून टाकला.

सुरुवातही ताईपासूनच झाली होती. अडतिसाव्या वर्षी तिला संधिवात असल्याचं निदान झालं. वयाने सांधे झिजतात तो नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, तो. भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी निघता निघता म्हणालं, "मागच्या जन्मीचं काहीतरी देणं राहिलं असेल, फेडून टाकायचं." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या रात्री ताईने मला विचारलं, "मी असं काय केलं असेल रे?"

मला उत्तर देता आलं नाही. कर्म हा शब्द आपण उठता बसता वापरतो, आणि बहुतेक वेळा हात टेकतानाच वापरतो. कर्म माझं! ज्याचं त्याचं कर्म. कर्माचे भोग. झालेल्या गोष्टीवर शिक्का मारायचा आणि विषय मिटवायचा, एवढंच काम हा शब्द माझ्या तोंडात करत होता. तिला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला लागलो.

पहिल्यांदा हाती घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झाला. गतजन्मीच्या कर्मामुळे या जन्मीची दुरवस्था ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी त्यात साफ नाकारली आहे आणि कारणही रोखठोक दिलं आहे: असं मानलं की गोरगरिबांच्या हालांची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता येते. मला हे चटकन पटलं, कारण आमच्या घरात छोट्या प्रमाणावर तेच घडलं होतं. दुखणं ताईच्याच खात्यावर टाकलं की पाहुणे मोकळे.

मग मी सुत्तांकडे, म्हणजे पालीत जपलेल्या बुद्धांच्या उपदेशांकडे वळलो. संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो: काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणसाला जे काही सुख, दुःख किंवा दोन्ही नाही असं जाणवतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच; आपलं म्हणणं काय? बुद्ध उत्तरात आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, या तिघांचा सन्निपात, ऋतुबदल, शरीराची नीट निगा न राखणं, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. ते सगळं पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या पलीकडे जातात आणि जगाने खरं मानलेल्या गोष्टींच्याही पलीकडे जातात, असं ते सांगतात.

मी ताईकडे गेलो आणि तिला यादी वाचून दाखवायला लागलो. "पित्त, कफ, वात..."

"थांब," ती म्हणाली. "वात आला ना?"

"आला."

"मग झालं तर. आठव्यापर्यंत जायचं कशाला?"

कित्येक आठवड्यांनी ती मोकळी हसली. मी मात्र आठव्यापाशी अडकलो होतो. कारण बुद्धांनी कर्म यादीतून काढून टाकलेलं नाही, शेवटी का होईना ठेवलंय. पण अमक्याला हे कोणत्या कर्मामुळे झालं, हा हिशेब मांडायला त्यांची मनाई आहे. अंगुत्तरनिकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात चार अचिंत्य गोष्टी सांगितल्या आहेत, ज्यांचा कीस काढत बसणाऱ्याच्या वाट्याला वेड किंवा मनस्ताप येतो. त्यातली एक कर्मविपाक. म्हणजे ताईच्या उशाशी बसून गतजन्मीचं देणं काढणाऱ्याने जे केलं, ते बौद्ध दृष्टीनेही आगाऊपणाचंच होतं. हे वाचून मला जरा जास्तच बरं वाटलं.

त्याच अंगुत्तरनिकायात कर्माची व्याख्या आहे: "चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि." मराठी माणूस याचा अर्थ पटकन लावतो आणि हमखास चुकतो. आपल्याकडे चेतना म्हणजे जाणीव, जिवंतपणा. पालीत चेतना म्हणजे इरादा, मनाने घेतलेला कल. इरादा धरून माणूस शरीराने, वाणीने, मनाने जे करतो ते कर्म. मागे काय झालं यापेक्षा आत्ता हात पुढे करताना तो कशासाठी पुढे होतोय, इकडे हा शब्द बोट दाखवतो. मी वहीत ही ओळ लिहून खाली दोन रेघा मारल्या. आपल्यापर्यंत ती पोहोचली असं मला वाटलं. वहीपर्यंत पोहोचली होती.

वर्षभर वाचल्यावर ध्यान न करता ध्यानावर बोलणाऱ्यांपैकी आपण होत चाललोय, असं वाटून विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला नाव घातलं. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं शिबिर. ते मूळचे म्यानमारचे, सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य. १९६९ साली भारतात येऊन त्यांनी इथलं पहिलं शिबिर घेतलं आणि २०१३ साली ते गेले. आता सूचना आणि प्रवचनं त्यांच्याच आवाजातल्या ध्वनिमुद्रणातून होतात. प्रवेश-अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे लपवाछपवी करू नये, एवढं एक जाता जाता सांगतो.

पहाटे चारला घंटा. फोन, पुस्तक, वही-पेन काही नाही. आर्य मौन, म्हणजे बोलणं नाहीच, खुणा आणि नजरानजरही नाही. पहिले तीन दिवस आनापान: नाकपुड्यांखाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढ्याशा जागेत श्वास लागतोय तो जाणायचा. मला वाटलं होतं मन भटकेल ते मोठमोठ्या विचारांत. कसलं काय! माझं मन दुसऱ्या दिवशीची पूर्ण दुपार घराच्या दाराला कडी आतून लावतो की बाहेरून, यावर वाद घालत होतं. आधी चिडचिड झाली, मग झोप, मग "हे आपल्याला जमणारं नाही". नंतर कळलं की या तिन्ही पाहुण्यांना पालीत नावं आहेत, ध्यानाच्या आड येणाऱ्या पाच अडथळ्यांत, नीवरणांत, त्यांची गणती होते: व्यापाद, थीनमिद्ध, विचिकिच्छा. उरलेले दोन, कामच्छंद (सुखाची ओढ) आणि उद्धच्च-कुक्कुच्च (अस्वस्थता आणि रुखरुख), हे माझ्याकडे कायमच राहायला असल्याने पाहुणे म्हणून ओळखू आले नव्हते.

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू झाली. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष नेत जायचं आणि जी वेदना असेल ती जाणायची. इथे दुसरा शब्द आडवा आला. मी वेदना शोधत होतो, म्हणजे दुखणं शोधत होतो, आणि दंडावर, कपाळावर काही सापडत नव्हतं. रात्रीच्या प्रवचनात उलगडा झाला की वेदना म्हणजे कोणतीही संवेदना: सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली. कपड्याचा स्पर्श वेदना. घामाचा थेंब वेदना. इतकी वर्षं मी एका मोठ्या घराच्या एकाच खोलीला घर म्हणत होतो.

त्यानंतर अधिष्ठानाच्या बैठका. दिवसातून तीनदा, एक एक तास, हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी साधारण अर्ध्या तासानंतर उजव्या गुडघ्यात, वाटीच्या खाली आतल्या बाजूला, कोणीतरी गरम खिळा ठेवल्यासारखं झालं. माझा सगळा जीव त्या ठिकाणी गोळा झाला. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं म्हणून मी तिकडे बघत राहिलो. बघता बघता तो खिळा एकसंध राहिला नाही. त्यात ऊब होती, ताण होता, ठोके होते. ठोक्यांच्या मध्ये काही क्षण चक्क रिकामे होते. आणि या सगळ्यापासून हातभर अंतरावर, बहुधा छातीत, आणखी एक गोष्ट होती: "हे आत्ताच्या आत्ता थांबलं पाहिजे." ती गुडघ्यात नव्हती. दुखणं होतं तेवढंच राहिलं. पण दाब कमी झाला, कारण गुडघ्याचं ओझं आणि त्या मागणीचं ओझं मी पहिल्यांदाच वेगवेगळं उचललं.

सल्ल सुत्तात हेच आहे. अशिक्षित माणसाला बाण लागतो आणि पाठोपाठ दुसरा बाण लागतो. पहिला शरीराचा, दुसरा मनाचा. मी ते सुत्त दोनदा वाचलं होतं आणि सुंदर उपमा म्हणून बाजूला ठेवलं होतं. गुडघ्याने ते शिकवलं. (संध्याकाळच्या बैठकीत, चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास, मी पाय सोडला. तेही सांगितलं पाहिजे.)

सहाव्या दिवशी वेगळीच गंमत. सगळ्या अंगातून बारीक झिणझिण्यांची एक लाट वाहू लागली, कुठे अडथळा नाही, वजन नाही. तासाची घंटा झाली तेव्हा वाईट वाटलं. आपण पुढच्या वर्गात गेलो, अशी माझी खात्री पटली. सातव्या दिवशी मी त्या लाटेची वाट बघत बसलो. सकाळी आली नाही. दुपारी आली नाही. संध्याकाळी मी तिच्यासाठी श्वास बदलून पाहिला, बसायची पद्धत बदलली, शेजारच्याच्या खोकल्यावर मनातल्या मनात चरफडलो. गुडघ्यापासून सुटायला जेवढी घाई होती, तेवढीच घाई आता ती लाट धरायला होती.

प्रतीत्यसमुत्पादाची, म्हणजे कशापासून काय उपजतं याची, साखळी मला पाठ होती: वेदनेपासून तृष्णा, तृष्णेपासून उपादान. उपादानाचा अर्थ आपण आसक्ती लावतो. पण पालीत उपादान म्हणजे इंधनही. एका सुत्तात बुद्ध म्हणतात, दहा, वीस, तीस, चाळीस गाड्या लाकडाची आग पेटली आहे, आणि कोणीतरी अधूनमधून तिच्यात वाळलेलं गवत, गोवऱ्या, लाकडं टाकतोय; मग ती आग विझेल कशी? मी आसक्तीला नेहमी दोरी समजत आलो होतो, आपल्याला बांधणारी, बाहेरून आलेली. सातव्या दिवशी दिसला तो गोवऱ्या टाकणारा माझाच हात. दर पाच मिनिटांनी एक. आली का? नाही? का नाही?

आणि आठवा दिवस. याबद्दल मी आजवर घरी कोणाला सांगितलेलं नाही.

ताईला तपासणीला मीच घेऊन जातो. दादा लांब असतो, तो पैसे पाठवतो. आठव्या दिवशी सकाळी, काही कारण नसताना, मी घरच्या ग्रुपवर टाकलेला एक जुना मेसेज शब्दन्‌शब्द आठवला: "ताईला घेऊन गेलो होतो. औषधं तीच ठेवलीत. तीन तास थांबावं लागलं." पहिली दोन वाक्यं माहितीची होती. तिसरं कशासाठी होतं? ताईला ते माहीत होतं, ती माझ्या शेजारीच बसली होती. आईला त्याची गरज नव्हती. ते दादासाठी होतं. ते लिहिताना पोटात जे बारीक कडक झालं होतं, तेच आता, डोळे मिटून बसलेलं असताना, त्याच जागी पुन्हा कडक झालं.

वहीत दोन रेघा मारलेली ओळ इथे पोहोचली. ताईला दवाखान्यात नेणं आणि तीन तास लिहिणं, बाहेरून पाहिलं तर एकाच सेवेचे दोन भाग. आतून दोन वेगळी कर्मं. पहिल्याने मला काही मिळवायचं नव्हतं. दुसऱ्याने मी 'चांगला भाऊ' नावाची पावती फाडून घेत होतो. उपादानाचे जे चार प्रकार सांगतात त्यात 'मी'विषयीच्या मताला चिकटणं, अत्तवादुपादान, हा एक. मी तो तत्त्वज्ञानाचा भाग समजून भरभर वाचून टाकला होता. त्याचा मेसेज असू शकतो, असं वाटलं नव्हतं.

मला रडू आलं. एका मिठाच्या खड्याने त्या क्षणी आधार दिला. अंगुत्तरनिकायातली उपमा आहे: मिठाचा खडा पेल्यातल्या थोड्या पाण्यात टाकला तर ते पिववत नाही, तोच गंगेत टाकला तर गंगा खारट होत नाही. केलेलं कृत्य तेच, पण मन लहान ठेवलं तर त्याची चव वेगळी आणि मोठं केलं तर वेगळी. केलं तसंच्या तसं भोगावं लागेल असं धरलं, तर धम्माच्या वाटेने चालण्यात अर्थच उरत नाही, असंही तिथे म्हटलं आहे.

दहाव्या दिवशी मैत्रीची साधना, मग मौन सुटलं, मग सगळे एकदम बोलायला लागले. मीही बोललो, फार बोललो. आणि चार दिवसांनी ताईला अनिच्च शिकवलं.

पुढचे काही महिने सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसलो. माझ्यात एक गारवा आला होता आणि मी त्याला समता म्हणत होतो. आई रडली तरी मी स्थिर. ताईने फोन करणं कमी केलं तरी मी स्थिर. मग हळूहळू संध्याकाळची बैठक सुटली, नंतर सकाळचीही, आणि या पडझडीत एकदा पाली शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. ताईचा किस्सा त्यांना सांगितला तो कौतुकाच्या अपेक्षेने. घरच्यांना उपेक्खा, म्हणजे मनाची समता, कळत नाही, असं काहीतरी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उपेक्षा केलीत खरी," त्या म्हणाल्या, "पण मराठीतली."

मला समजायला वेळ लागला. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. पालीतल्या उपेक्खेत 'उप' आहे आणि पाहणं आहे. जवळ राहून पाहणं, असं त्या म्हणाल्या. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्खा हे चार ब्रह्मविहार, म्हणजे मनाच्या चार उदात्त वृत्ती, एकत्र येतात, त्यातला चौथाच उचलून चालत नाही. मग त्यांनी विसुद्धिमग्गातला एक भाग वाचायला दिला. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी लिहिलेल्या त्या ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक जवळचा शत्रू आणि एक दूरचा शत्रू सांगितला आहे. उपेक्खेचे दूरचे शत्रू आसक्ती आणि द्वेष. जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेफिकिरी. जवळचा का, तर तो दिसायला अगदी तिच्यासारखा असतो.

"तुमच्या बहिणीने ओळखला तो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही ओळखता आला."

ताईचं दुखणं ऐकताना माझ्या छातीत जे व्हायचं ते मला सहन होत नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती. अनिच्च हा शब्द मी माझ्या त्या वेदनेवर झाकण म्हणून ठेवला होता. गुडघ्याकडे तासभर बघितलं आणि तिच्याकडे दोन मिनिटं नाही.

आता रोज वीस मिनिटं बसतो, कधी तेही नाही. लाट त्यानंतर एकदाच आली.

गेल्या महिन्यात सकाळी सकाळीच ताईकडे गेलो. सकाळची वेळ तिला सगळ्यात जड जाते. सांधे मोकळे व्हायला तासाहून जास्त लागतो. ती सांगत होती: कोणतं बोट, कोणतं पेर, रात्री कितीला जाग आली, नव्या औषधाने पोटात कसं होतं. माझ्या घशात एक वाक्य येऊन थांबलं. मग दुसरं आलं, अधिक शहाणं. छातीत दाटून आलं होतं. ते तिथे होतं, आणि तीही तिथे होती. तिचं बोलणं वीसेक मिनिटं चाललं असेल.

"आज काही सांगणार नाहीस?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं. मग ही बाटली उघडून दे. झाकण फिरत नाही माझ्याच्याने."

उघडून दिली. घरी आल्यावर ग्रुपवर काही टाकलं नाही. टाकलं नाही, याची मनात दोनदा नोंद घेतली मात्र.